सुरांचे खण

जानराव मास्तरांनी इनायतुल्लांना पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा हा माणूस काम सोडून भांडण बघत उभा आहे, असंच त्यांना वाटलं.

१९५५ सालचा डिसेंबर होता. शाळेच्या स्नेहसंमेलनाची कार्यक्रमपत्रिका छापायची म्हणून मास्तर अमरावतीच्या गांधी चौकामागं किसनरावांच्या छापखान्यात गेले होते. खिडकीशी एक उंच, हडकुळा माणूस उभा होता. वय पन्नाशीच्या आतबाहेर, डोक्यावर पांढरी जाळीची टोपी. बाहेर रस्त्यावर टांगेवाल्याची आणि संत्री विकणाऱ्या बाईची जुंपली होती आणि हा माणूस मान लांब करून ते ऐकत होता. मग मास्तरांचं लक्ष त्याच्या हातांकडे गेलं. समोर छपाईच्या खिळ्यांची, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांची, तिरपी लाकडी केस होती, तिच्यात शंभर-सव्वाशे लहान लहान खण. उजवा हात त्या खणांवरून फिरत होता. शिशाचा एकेक खिळा उचलायचा, त्याची खाच अंगठ्यानं चाचपायची आणि डाव्या हातातल्या पितळी स्टिकमध्ये बसवायचा. संत्रावाली जिंकली तोवर स्टिक काठोकाठ भरली होती.

"न बघता जुळवता? चूक नाही होत?" मास्तरांनी विचारलं.

"होते ना जी. भांडन लय रंगलं तं होते."

मास्तर हसले. त्यानंतर छपाईचं काम असो नसो, चार-दोन महिन्यांनी ते छापखान्यात डोकावू लागले.

इनायतभाई मूळचे अकोल्याचे. तरुणपणी उरसात कव्वालीच्या पार्टीत हार्मोनियम वाजवायचे. पार्टीतला मुख्य गाणारा वारला, पार्टी मोडली आणि मामांनी यांना अमरावतीला आणून छापखान्यात चिकटवलं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती मुलगी बिल्कीस अकोल्यातच दिली होती. इथे ते एका खोलीत एकटे राहत. हार्मोनियम विकून टाकली होती. काहून विकली असं विचारलं, तर म्हणत, "ठेवाले जागा नोती." खोली मास्तरांनी पाहिली होती. जागा होती.

मास्तर स्वतः नांदगाव खंडेश्वरचे. शाळेत मराठी शिकवायचे आणि संध्याकाळी माणिकबाईंकडे गाणं शिकायचे. माणिकबाई तेव्हा सत्तरीला आलेल्या. आई-आजीकडून आलेल्या ऐंशीच्या वर बंदिशी त्यांच्या गळ्यात होत्या आणि गळ्याबाहेर कुठेच नव्हत्या. बाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. मास्तरांनी नऊ वर्षं बसून त्या बंदिशी स्वरलिपीत उतरवल्या, सात वह्या भरल्या. बाईंच्या डोळ्यांदेखत त्या वह्यांचं पुस्तक व्हावं, एवढीच मास्तरांची इच्छा होती.

१९६० साली वह्या घेऊन ते किसनरावांकडे गेले. किसनरावांनी दोन पानं उलटली आणि वही मिटली.

"मास्तर, हे पुण्या-मुंबईचं काम हाये. सुराच्या डोक्यावर टिंब, सुराच्या पायाशी टिंब, कुठी आडवी रेघ, कुठी उभी, खाली पुन्हा हे कंस. एवढी चिन्हं आमी आनावं कुठून?"

"मालक, मी पाऊ काय?" इनायतभाई मागून म्हणाले. त्यांनी वही घेतली आणि अगदी नाकाजवळ नेली. मास्तरांना वाटलं, हा माणूस वहीचा वास घेतो आहे. जुन्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची अशी काही रीत असेल म्हणून त्यांना ते आवडलंही.

"होते हे," इनायतभाई म्हणाले. "पन मले वेळ द्या. आन मालक, हे पुस्तक माह्या हातचं होऊ द्या. एवढं झालं का मी घरी बसतो."

किसनरावांनी खांदे उडवले. त्यांना हरकत नव्हती. धर्मपाल नावाचा नवा कंपोझिटर त्यांच्याकडे लागला होता. हुशार, झपाट्याचा माणूस. पुस्तकांचं काम आता तोच करायचा. इनायतभाईंकडे लग्नपत्रिका, नाटकांच्या जाहिराती असं मोठ्या अक्षरांचं काम तेवढं उरलं होतं. पंचवीस वर्षं खिळे जुळवलेल्या माणसाला ते किती लागत असेल, याचा विचार मास्तरांच्या मनात तेव्हा आला होता. त्याच्या पुढचा मात्र आला नाही.

चिन्हं इनायतभाईंनी केसबाहेर शोधलीच नाहीत. इंग्रजी टाइपातले पूर्णविराम घेतले, ती झाली टिंबं. पितळी पट्टी कानशीनं कापून कोमल सुराची आडवी रेघ आणि तीव्र मध्यमाची उभी रेघ केली. इंग्रजी कंस आडवे निजवले, त्यांची मात्रेची चंद्रकोर झाली. पहिलं प्रूफ निघालं ते पाहून मास्तर हरखले, पण चौथ्या ओळीत टिंब एका केसाएवढं सरकलं होतं आणि खालच्या सप्तकातला निषाद सोडून शेजारच्या षड्जाला लागलं होतं. टिंबांची ओळ वेगळी, सुरांची वेगळी, रेघांची वेगळी. तीन ओळी एकमेकींशी इमानानं राहतील, असं शिशाकडून कोण वदवून घेणार?

"असं नाई चालत," इनायतभाई म्हणाले. "गवई सूर लावते तवा आधी सूर लावून मंग त्याले टिंब लावते काय? पुराच सूर उचलला पायजे."

मग त्यांनी सूर आणि त्याचं चिन्ह डाख देऊन एकत्र जोडायला घेतलं. बारा सूर, तीन सप्तकं, प्रत्येकाचे वीस-वीस खिळे. त्याला चार महिने लागले. आता प्रश्न उरला तो एवढे खिळे ठेवायचे कसे. एक फळी घेऊन तिच्यावर त्यांनी रिकाम्या काडेपेट्या मांडल्या. प्रत्येक पेटीत एक सूर. रविवारी छापखाना बंद असे, किसनराव किल्ली देत. मास्तरांनी वही उघडून सूर म्हणायचे आणि इनायतभाईंनी त्या त्या पेटीकडे हात न्यायचा. हात अडला की पेटी हलवायची. डोळे मिटून बसत आणि म्हणत, "पुन्हा म्हना, मास्तर." असं दीड महिना चाललं. सुरुवातीला दर रविवारी वीसेक पेट्यांच्या जागा बदलत होत्या. मग बदल कमी होत गेले आणि एका रविवारी एकही पेटी हलली नाही.

तेव्हा मास्तरांनी फळीकडे नीट पाहिलं आणि त्यांना हसू फुटलं. ती हार्मोनियम होती. डावीकडे खालचं सप्तक, मधे मधलं, उजवीकडे वरचं. शुद्ध सूर पुढच्या ओळीत आणि कोमल-तीव्र मागे, जरा उंच, काळ्या पट्ट्यांसारखे. षड्जाचा खण सगळ्यांत रुंद. चंद्रकोरी अंगठ्याखाली.

"इनायतभाई, तुम्ही विकलेली हार्मोनियम परत आणली की!"

"त्या हार्मोनियमला भाता होता," इनायतभाई म्हणाले. "हिचा भाता तुमी."

त्याच मापानं त्यांनी सागाच्या लाकडाची केस केली. एकाही खणावर चिठ्ठी नव्हती. मास्तरांनी विचारलं तर म्हणाले, "हार्मोनियमवर कोनी चिठ्या लावते काय जी?"

आणि काम सुरू झालं. दर रविवारी सकाळी मास्तर स्टुलावर बसून सूर म्हणत आणि इनायतभाई उभ्यानं जुळवत. खिळे मोजके, म्हणून चार पानं जुळवायची, छापायची, खिळे परत आपापल्या खणांत सोडायचे आणि मग पुढची चार पानं. वही समोर ठेवा असं इनायतभाई कधी म्हणाले नाहीत. "तुमी म्हना, मी जुयवतो." मास्तरांना वाटे, कव्वालीत वाढलेल्या माणसाला सूर कानानंच घ्यायला बरे वाटत असतील. मधेच एखाद्या जागेला इनायतभाईंचा हात थांबे, "वा" म्हणून ते मान हलवत आणि मग पुढचा सूर घेत. सोळा पानांचा एक फर्मा, असे वर्षभरात सहा फर्मे छापून झाले, शहाण्णव पानं. एका सुराची चूक नव्हती. मास्तरांच्या नोकरीतले ते सर्वांत सुखाचे रविवार.

१९६२ च्या फेब्रुवारीत इनायतभाईंची धाकटी बहीण अकोल्याला वारली. निघताना ते शाळेत आले, फाटकाबाहेरच उभे राहिले.

"बहिनीचा चाळिसावा दिवस करूनच येतो. बहिनीच्या पोरीले माह्याशिवाय कोनी नाई. मास्तर, तेवढी केस सांभाळा. कोनाले हात लावू देऊ नका."

"नाही लावू देत," मास्तर म्हणाले.

आठवड्याभरात माणिकबाईंनी अंथरूण धरलं. ताप उतरेना, डॉक्टर दोनदा येऊन गेले. मास्तर रोज उशाशी बसत. बाई एकदा डोळे उघडून म्हणाल्या, "जानराव, माहं पुस्तक झालं काय रे बाप्पा?" त्या एका वाक्यानं मास्तरांची झोप गेली. फक्त दोन फर्मे राहिले होते. चाळिसाव्याला महिना होता आणि बाईंना आठवडाही मिळेल असं वाटत नव्हतं.

ते धर्मपालकडे गेले. धर्मपालनं केसवरून हात फिरवून पाहिला.

"मास्तर, मला यातलं काही उमगत नाही. यावर नावं नाहीत."

"नावं घालू. मी घालून देतो."

"त्यापेक्षा इनायतचाचांना एक कार्ड टाका ना," धर्मपाल म्हणाला. "दोन दिवसांत पोचते. विचारून तर पाहा."

"दुःखात असलेल्या माणसाला कार्ड काय टाकायचं?" मास्तर म्हणाले.

आणि मास्तरांनी ते काम मास्तरासारखं केलं. सुताराकडून जुन्या पट्ट्या काढवून घेतल्या आणि केसमध्ये साठ सारखे खण पाडले, पाढ्यांच्या तक्त्यासारखे, सहा ओळी आणि प्रत्येक ओळीत दहा. वरच्या ओळीत सगळे शुद्ध, मग सगळे कोमल, मग टिंबवाले, शेवटी चिन्हं. प्रत्येक खणावर वळणदार अक्षरात चिठ्ठी डकवली. पुढचा-मागचा, उंच-सखल, रुंद-अरुंद हा भेदच गेला. निघालेल्या सागाच्या पट्ट्या सुतार घेऊन गेला. मास्तर दोन रात्री त्यात गुंतले होते आणि आपण इनायतभाईंवर उपकार करतो आहोत, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. आता हे काम कुणालाही येईल, याचंच त्यांना समाधान होतं.

धर्मपालनं चिठ्ठ्या वाचत वाचत सातवा फर्मा पुरा केला. तो छापून व्हायच्या आत माणिकबाई उठून बसल्या आणि त्यांनी भाकरी मागितली. पुढे त्या चार वर्षं जगल्या.

चाळिसावा करून इनायतभाई आले तो रविवार नव्हता, कामाचा दिवस होता. शाळा सकाळची, म्हणून मास्तर दुपारी मुद्दाम हजर राहिले. इनायतभाईंनी टोपी सारखी केली, स्टिक घेतली आणि हात डावीकडे नेला. हात थांबला. मग उजवीकडे गेला, पुन्हा मधे आला. बोटं खणांच्या कडांवरून फिरली, एकदा, दोनदा.

"हे कोनं केलं?"

"मी," मास्तर उत्साहानं म्हणाले. "बाई फार आजारी होत्या हो, थांबता येईना. पाहा, खणाखणावर नाव आहे. आता कोणालाही जमेल."

"कोनालेबी," इनायतभाई म्हणाले. मग स्टिक पुढे धरली, "म्हना, मास्तर."

मास्तरांनी सूर म्हटले. इनायतभाईंनी जुळवले, हळूहळू, नेहमीच्या चौपट वेळ घेऊन. प्रूफ निघालं. किसनरावांनी ते चष्म्याखाली धरलं आणि मास्तरांपुढे केलं. वरच्या सप्तकाच्या जागी खालचं, कोमलाच्या जागी चंद्रकोर. एक ओळ धड नव्हती.

"चाचा, हे काय हाये?" किसनराव केसपाशी आले. त्यांनी एका खणावर बोट ठेवलं. "चिठ्ठी तर हाये ना इथं. वाचा बरं, काय लिवलं?"

इनायतभाईंनी खणाच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"वाचा ना चाचा. लहान अक्षर नाई ते."

"मालक, मानसं हायेत," इनायतभाई हळू आवाजात म्हणाले. छपाईचं ट्रेडल यंत्र थांबलं होतं. छापखान्यातली पाचही माणसं तिकडेच पाहत होती.

"मानसं हायेत तं काय झालं? वाचा."

"नाई दिसत."

त्यांनी स्टिक रिकामी केली, फडक्यानं पुसली आणि केसच्या कडेवर ठेवली. मास्तरांच्या अगदी जवळून ते दाराकडे गेले, आणि जाताना हात दाराच्या चौकटीवर टेकवून मग पायरी उतरले. चौकटीवर हात टेकवायची त्यांची ही सवय मास्तर दोन वर्षं पाहत होते.

"मले सांगाचं तं होतं," किसनराव खुर्चीत बसत म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते. "हाकलून दिलं असतं काय मी?"

संध्याकाळी धर्मपाल मास्तरांना चौकापर्यंत पोचवायला आला. म्हणाला, "मला माहीत होतं. दोन वर्षं त्यांच्या पत्रिकांची प्रूफं मीच तपासत होतो. त्यांनी शपथ घातली होती, म्हणून तुम्हाला बोललो नाही. कार्ड टाका म्हटलं, ते त्यासाठीच."

मास्तर दुसऱ्या दिवशी इनायतभाईंच्या खोलीवर गेले. कुलूप होतं. शेजारच्या बाईनं सांगितलं, पहाटेच बडनेऱ्याला गेले, अकोल्याच्या गाडीसाठी.

पुस्तक निघालं. शेवटच्या पानावर किसनरावांचे, शाळेचे आणि डॉक्टरांचेही आभार होते. इनायतभाईंचं नाव नव्हतं. ते कुठल्या तोंडानं लिहावं, हे मास्तरांना कळलं नव्हतं, आणि कळेपर्यंत फर्मा छापून झाला. माणिकबाईंनी पुस्तक हातात घेतलं, उलटंच धरलं आणि पानावरून तळवा फिरवला.

"यात मी आहो काय रे?"

"तुम्हीच आहात, बाई."

"ज्यानं जुयवलं, तो कुठी हाये?"

"अकोल्याला गेला."

"पुस्तक घेऊन गेला काय?"

मास्तरांनी पुस्तक त्यांच्या हातात सुलट करून दिलं.

अकोला काही लांब नाही. सकाळी निघालं तर संध्याकाळी घरी परत येता येतं. तरी मास्तरांना चार वर्षं लागली. कधी परीक्षा, कधी घरचं आजारपण, कधी नुसताच संकोच. १९६६ साली माणिकबाई गेल्या. त्यांच्या तेराव्यानंतरच्या रविवारी मास्तर पिशवीत पुस्तक घालून अकोल्याला उतरले. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर त्यांनी एक छापील चिठ्ठी डकवली होती : 'या पुस्तकाच्या स्वरलिपीचे खिळे व त्यांची केस इनायतुल्ला यांनी तयार केली.' चिठ्ठी धर्मपालनं जुळवली होती.

बिल्कीसच्या घरापुढे अंगणात इनायतभाई जमिनीवर बसून खाटेची दोरी विणत होते. वीण घट्ट आणि सरळ होती, चौकटी एकसारख्या. मास्तर फाटकाशी खाकरले.

"या मास्तर," मान वर न करता इनायतभाई म्हणाले. "बिल्कीस, चहा ठेव वं. अमरावतीचे मास्तर आले."

बराच वेळ इकडचं तिकडचं झालं. मग मास्तर म्हणाले, "इनायतभाई, तुम्ही ती केस तशी केली, तेव्हा तुम्हाला..."

"डोये जाऊन राहिले होते. म्हनूनच तं तशी केली. कागद दिसत नोता, पन हात होता ना." त्यांनी दोरी ओढून गाठ आवळली. "वाटलं होतं, हे पुस्तक होतपर्यंत पुरते."

"मला सांगायचं होतं हो."

"तुमाले सांगितलं असतं तं तुमी पुस्तक पुण्याले नेलं असतं."

मास्तरांनी मनातल्या मनात शोधून पाहिलं. त्यांना नाही म्हणता आलं नाही.

त्यांनी पुस्तक इनायतभाईंच्या मांडीवर ठेवलं आणि चिठ्ठी वाचून दाखवली. इनायतभाईंनी ऐकून घेतलं. मग मुलीला म्हणाले, "बिल्कीस, शहाण्णवावं पान काढ." बिल्कीसनं काढून दिलं. त्यांनी त्या पानावर बोटं ठेवली, शेवटच्या ओळीपर्यंत नेली आणि पुस्तक तिथेच मिटलं.

"इथपर्यंत माहं," ते म्हणाले.

निघताना मास्तरांनी त्यांचे हात हातात घेतले. इनायतभाईंनी ते घेऊ दिले आणि मग हळूच सोडवून परत दोरीला लावले.

ती साठ खणांची केस किसनरावांच्या छापखान्यात अजून आहे. तीत आता पावत्यांवरच्या आकड्यांचे खिळे असतात. इनायतुल्ला यंदा त्रेसष्टचे झाले. ते बिल्कीसकडेच राहतात आणि खाटा विणतात. एका खाटेला त्यांना दोन दिवस लागतात.